धबधब्याशेजारचा खडक : चित्रातली गती, स्थिरता आणि पाहणारे मन

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी विद्यार्थिनी नाशिकमध्ये चित्रकलेच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. मुंबईतल्या एका प्रदर्शनात ती चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या एका मोठ्या चित्रासमोर उभी राहिली. बरोबरचे सगळे ‘किती शांत वाटतं’ म्हणत होते आणि तिला मात्र काहीच वाटले नाही. त्याच आठवड्यात ब्रिजेट रायली या ब्रिटिश चित्रकर्तीच्या एका काळ्यापांढऱ्या चित्राची छापील प्रत पाहताना तिला चक्क गरगरले. तिचे विचारणे असे की, न हलणाऱ्या चित्रात गती येते कुठून, अमूर्त, म्हणजे ओळखीची आकृती नसलेल्या, चित्रातली स्थिरता खरोखर चित्रात असते की बोलणाऱ्यांच्या तोंडात, आणि तिने स्वतः रंगवलेल्या गोदाघाटाच्या चित्रात पाणी वाहताना का दिसत नाही. शेवटचा प्रश्न तिने जरा संकोचाने विचारला आहे. माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे, म्हणून तो शेवटी घेतो.

तुम्ही नाशिकच्याच आहात, तेव्हा सुरुवात पुस्तकातून न करता सोमेश्वरपासून करू. श्रावणात, गंगापूर धरणातून पाणी सोडलेले असताना, सोमेश्वरच्या धबधब्यावर जा. कणसांच्या गाड्या आणि सेल्फी काढणारी मंडळी मागे टाकून जरा बाजूला उभ्या राहा आणि कोसळणाऱ्या पाण्यात एका जागी नजर रोवा. पाणी नजरेला आपल्याबरोबर खाली ओढू पाहील, पण तिला जाऊ देऊ नका. असे मिनिटभर पाहून झाले की नजर शेजारच्या काळ्या खडकावर न्या. खडक वर चढू लागेल. मी हा प्रयोग विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्यांकडून करवून घेतला आहे आणि दर वेळी कोणी ना कोणी दचकून माझा हात धरते. पण खरी गंमत दचकण्यात नाही, त्याच्या पुढच्या क्षणात आहे. खडक वर सरकताना स्पष्ट दिसतो आणि तरी तो आपली जागा सोडत नाही. त्याच्यावरचे शेवाळ जिथल्या तिथे असते. जागा न बदलता होणारी हालचाल बुद्धीला पटत नाही, डोळ्यांना मात्र दिसते. ‘तदेजति तन्नैजति’ (ते हलते, ते हलत नाही) हे ईशावास्य उपनिषदातले वचन कोणाला इथे आठवले तर आठवू द्यावे, त्याचा अर्थ लावण्याची घाई मात्र करू नये.

रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १८३४ मध्ये स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्यापाशी हेच पाहिले आणि लिहून ठेवले. त्याचे कारण आज बऱ्यापैकी माहीत आहे. मेंदूत खाली जाणारी हालचाल टिपणाऱ्या पेशी वेगळ्या असतात आणि वर जाणारी टिपणाऱ्या वेगळ्या. स्थिर वस्तू पाहताना दोन्हींचे पारडे समान असते. मिनिटभर धबधबा पाहिल्यावर खाली जाणारी हालचाल टिपणाऱ्या पेशी मंदावतात, पारडे दुसरीकडे झुकते आणि स्थिर खडकाला गती मिळते. म्हणजे ‘हलते आहे’ ही जाण वस्तूच्या जागेवरून काढलेला हिशेब नाही. ती स्वतंत्रपणे निर्माण होते आणि म्हणूनच जिथे काहीही हलत नाही तिथेही निर्माण करता येते. चित्रकाराचा सगळा धंदा या एका फटीतून चालतो.

याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. आपला डोळा कधीही स्थिर नसतो. एखाद्या गोष्टीकडे आपण ‘टक लावून’ पाहतो तेव्हाही तो सूक्ष्म थरथरत असतो, आणि एरवी सेकंदाला तीन-चार वेळा एका बिंदूवरून दुसऱ्यावर उडी मारतो. १९५० च्या दशकात इंग्लंड आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी अशी योजना केली की डोळा हलला की समोरची प्रतिमाही बरोबर तेवढीच हलावी, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर ती कायम एकाच जागी पडावी. परिणाम असा झाला की काही सेकंदांत प्रतिमा विरून गेली. डोळ्यांच्या दृष्टीने पूर्ण स्थिर म्हणजे अदृश्य. त्यामुळे ‘स्थिर चित्र’ आणि ‘हलते चित्र’ ही वाटणी मला पहिल्यापासून फसवी वाटत आली आहे. चित्र भिंतीवर असते, डोळा त्याच्यावर धावत असतो, आणि त्या धावण्याचे काय होते ते कोणी तरी आत बसून पाहत असते. या तिघांमधला व्यवहार म्हणजे चित्र पाहणे.

आधुनिक कलेत हा व्यवहार केव्हा ऐरणीवर आला असे मला विचारले, तर मी १९१२ हे एकच साल सांगेन. त्याआधीची तयारी छायाचित्रकारांनी केली होती. मायब्रिजने १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात धावत्या घोड्याची ओळीने छायाचित्रे घेतली, आणि १८८० च्या दशकात पॅरिसमध्ये मारे या शरीरशास्त्रज्ञाने एकाच काचेवर चालत्या माणसाच्या क्रमवार अवस्था उमटवल्या. मायब्रिजच्या छायाचित्रांतून कळले की घोड्याचे चारही पाय हवेत असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना, चित्रकार शतकानुशतके दाखवत आले तसे पुढेमागे ताणलेले असताना नव्हे. जेरिको या फ्रेंच चित्रकाराने १८२१ मध्ये रंगवलेली एप्समची घोड्यांची शर्यत या हिशेबाने साफ चुकीची ठरली. यावर शिल्पकार रोदँ याने जे म्हटले ते मला अजून पुरते. त्याचा मुद्दा असा की चित्रकाराचे बरोबर आहे आणि छायाचित्र खोटे बोलते, कारण प्रत्यक्षात काळ थांबत नसतो. जेरिकोच्या घोड्याचा मागचा पाय एका क्षणाचा आहे, पुढचा दुसऱ्या क्षणाचा, आणि आपली नजर मागून पुढे जाते तेवढ्यात घोडा धावलेला असतो.

आता १९१२. फ्रँकफुर्टमध्ये मॅक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने हालचालीच्या दर्शनावरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. दोन रेषा थोड्या अंतरावर आळीपाळीने दाखवल्या आणि मधला काळ सेकंदाच्या सुमारे सोळाव्या हिश्शाइतका ठेवला, तर दोन रेषा दिसत नाहीत, एकच रेषा इकडून तिकडे जाताना दिसते. अंतर आणखी नेमके जुळले तर रेषाही बाजूला पडते आणि नुसती हालचाल दिसते. त्याच वर्षी पॅरिसमध्ये मार्सेल द्युशाँ या फ्रेंच चित्रकाराने जिना उतरणाऱ्या नग्नाकृतीचे चित्र प्रदर्शनाला पाठवले. संयोजकांना त्याचे नाव खटकले, ते बदलायला सांगितल्यावर त्याने चित्रच परत नेले. त्याच वर्षी इटलीत बाल्ला या चित्रकाराने साखळीला बांधलेला कुत्रा रंगवला, ज्याचे पाय, शेपूट आणि मालकिणीची पावले यांचा अक्षरशः धुरळा झालेला आहे.

आणि त्याच वर्षी, मुंबईत, आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि रोज थोडी थोडी चौकट टिपत गेले. महिन्याहून अधिक काळ हे चालले. पडद्यावर मिनिट-दोन मिनिटांत दाण्याला अंकुर फुटून त्याचा वेल झाला. ही लहानशी चित्रफीत दाखवून त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे केले हे सगळे सांगतात. मला त्यातली दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते. फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले होते, म्हणजे चित्रकाराचा डोळा घेऊन कॅमेऱ्यामागे उभे राहिलेले होते. द्युशाँ आणि बाल्ला वेगवान गोष्टीचे तुकडे करून ती समजून घेऊ पाहत होते. फाळक्यांनी उलटी वाट धरली. वाटाण्याचे रोप आपल्या डोळ्यांना स्थिर दिसते ते हलत नाही म्हणून नव्हे, तर तेवढा वेळ पाहत बसण्याची ताकद आपल्यात नाही म्हणून. स्थिरता ही पाहणाऱ्याच्या धीराची मर्यादा आहे, असे त्या चित्रफितीत निःशब्दपणे सिद्ध झाले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. तिथे जाणारे बहुतेक जण बागेत फिरून परत येतात, आणि खुद्द चित्रकलेच्या वर्गांतूनही वाटाण्याच्या रोपाचा उल्लेख मी क्वचितच ऐकला आहे.

द्युशाँ आणि बाल्ला यांच्याबद्दल माझे मत जरा कडू आहे, आणि त्याला माझा स्वतःचा फजितीचा इतिहास कारण आहे. विद्यार्थीदशेत मी धावणाऱ्या मुलाचे मोठे तैलचित्र केले होते. बारा पाय, आठ हात, प्रत्येक पुढच्या अवयवाची छटा आधीच्यापेक्षा किंचित फिकट. दोन महिने खपलो. तपासायला आलेल्या परीक्षकांनी बराच वेळ पाहून विचारले, “हा खेकडा आहे का?” तेव्हा राग आला. पुढे कळले की त्यांनी पाहिले ते बरोबर होते. गतीच्या अवस्था शेजारीशेजारी मांडल्या की गती दिसत नाही, गतीचा नकाशा दिसतो. द्युशाँला हे चांगले माहीत असावे. त्याचे चित्र थंड, लाकडी, जवळजवळ यंत्राच्या आकृतीसारखे आहे, आणि तो नकाशा आहे हे ते लपवत नाही, म्हणून ते टिकले. माझ्या खेकड्याला धावायचे होते.

प्रत्यक्ष हलणाऱ्या कलाकृतींबद्दल थोडक्यातच सांगतो. अलेक्झांडर काल्डर या अमेरिकन शिल्पकाराने तारा आणि पत्र्याची पाने टांगून हवेच्या झुळकीने डोलणारी शिल्पे केली. १९३१ मध्ये त्यांना ‘मोबाइल’ हे नाव द्युशाँनेच दिले. १९५५ मध्ये काल्डर अहमदाबादला साराभाई कुटुंबाकडे येऊन राहिला आणि तिथेही त्याने काही शिल्पे घडवली. टिंगेली या स्विस शिल्पकाराने १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या अंगणात स्वतःलाच मोडून टाकणारे यंत्र उभे केले. यांत काल्डर मला जवळचा, कारण त्याच्या पानांना पुढे कुठे जायचे आहे हे त्यांना आणि आपल्याला एकाच वेळी कळते. मीही एकदा हा उद्योग केला होता. तांबट आळीतून पत्र्याचे तुकडे आणून सायकलच्या रिमला लावले आणि टेबलफॅनची मोटर बसवून एका समूहप्रदर्शनात ठेवले. ते दिवस भारनियमनाचे होते. उद्घाटनाच्या संध्याकाळी वीज गेली आणि माझी गतिमान कलाकृती ठप्प झाली. मेणबत्त्या लागल्या. मी कोपऱ्यात घाम पुसत असताना तीन-चार मुले त्या चाकासमोर मांडी ठोकून बसली, आता फिरेल, मग फिरेल, म्हणून. फिरत असताना कोणी अर्धे मिनिटही थांबले नव्हते. थांबलेल्या चाकात आणि स्थिर चाकात फरक असतो. थांबलेल्यात पुढची हालचाल भरून राहिलेली असते.

हीच गोष्ट फार मोठ्या तोलाची पाहायची असेल तर पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यापुढे उभ्या राहा. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याच्या आईने, गौतमी बलश्रीने, दान दिलेले हे लेणे. ओसरीच्या जोत्याखाली जमिनीतून अर्धेच वर आलेले धष्टपुष्ट गण कोरलेले आहेत आणि त्यांनी तुळया खांद्यावर घेऊन सगळे लेणे पालखीसारखे उचलून धरले आहे. दगड कोरून आत गेलेल्या लेण्याला खरे तर कोणी उचलण्याची गरज नाही, कारण ते डोंगराचाच भाग आहे. तरीही त्या गणांपुढे थोडा वेळ थांबले की आपलेच खांदे भरून येतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाने तिथे स्केच करता करता नकळत मान खाली घातली होती आणि खांदे आवळले होते. इथे नजरेला कुठेही हालचाल दिसत नाही. ती अंगात होते.

आता तुम्हाला गरगरले त्या चित्राकडे. ब्रिजेट रायलीने १९६१ मध्ये केलेल्या चौकटींच्या चित्रात उंची सगळीकडे सारखी ठेवून काळ्यापांढऱ्या चौकोनांची रुंदी हळूहळू कमी करत नेऊन पुढे पुन्हा वाढवली आहे. नुसत्या तेवढ्यावर सपाट पृष्ठभाग आत दुमडतो आणि त्या घडीपाशी डोळा ठरत नाही. कारण वर सांगितले तेच. आपला डोळा थरथरतो आणि एरवी मेंदू ती थरथर हिशेबातून वगळतो. पण इतक्या तीव्र आणि इतक्या जवळजवळ आलेल्या कडांपुढे तो हिशेब कोलमडतो आणि आपल्याच डोळ्यांची थरथर चित्राच्या नावे जमा होते. १९६५ मध्ये न्यूयॉर्कला अशा चित्रांचे मोठे प्रदर्शन झाले आणि काही महिन्यांत तेच आकृतिबंध कपड्यांवर छापून आले, याचा रायलीला संताप आला होता. तिचा संताप योग्य असला तरी ही चित्रे इतक्या पटकन कापडावर का उतरू शकली, याचेही उत्तर त्यांच्या स्वभावात आहे. ती डोळ्याला पकडतात आणि सोडत नाहीत. पाहणाऱ्याने काही करायचे शिल्लक ठेवत नाहीत. तुम्हाला गरगरले यात तुमची तयारी किंवा रसिकता काही नव्हती, तुमच्या जागी कोणीही असते तरी त्याला गरगरले असते. रायलीची पुढची रंगीत चित्रे याहून पुष्कळ मोकळी आहेत, पण तो वेगळा विषय.

गायतोंडे यांच्या चित्रात याच्या नेमके उलट होते, आणि म्हणून तुम्हाला काही वाटले नाही ही तक्रार मी गांभीर्याने घेतो. किती वेळ उभ्या होतात? २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या प्रेक्षकांची पाहणी प्रसिद्ध झाली. एका चित्रापुढे लोक सरासरी २७ सेकंद थांबत होते आणि त्यात शेजारची पाटी वाचण्याचा वेळही आला. रायलीच्या चित्राला २७ सेकंद पुष्कळ झाले. गायतोंडे यांच्या चित्राला ते पुरत नाहीत, कारण ते चित्र तयारच वेगळ्या वेळात झालेले असते.

ते कसे होते हे जवळून सांगतो. नागपूरला १९२४ मध्ये जन्मलेले, गिरगावात वाढलेले आणि जे. जे. मधून १९४८ मध्ये बाहेर पडलेले गायतोंडे साठच्या दशकापासून ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरायची, खरवडायची बोथट सुरी) यांवर अधिक विसंबले. रंगाचा पातळ थर रोलरने पसरायचा, तो अर्धवट वाळला की नाइफने खरवडायचा, वर दुसरा थर द्यायचा, कधी कागदाचे फाटके तुकडे दाबून रंग उचलून घ्यायचा किंवा उमटवायचा. असे करता करता खालचा थर वरच्यातून उजळत राहतो आणि प्रकाश चित्राच्या पाठीमागून आल्यासारखा वाटतो. रोलर हे भिंती रंगवणाऱ्याचे हत्यार आहे, त्याला हस्ताक्षर नसते. चित्रकाराच्या मनगटाचा झटका, त्याचा आवेश, त्याची घाई यांतले काहीही त्यात उमटत नाही. हाताची हालचाल इतकी पुसून टाकलेली असते की ‘हे कोणी तरी केले’ असे न वाटता ‘हे झाले आहे’ असे वाटते. ते स्वतः आपल्या चित्रांना अमूर्त म्हणत नसत. अमूर्त म्हटले की कशाचे तरी अमूर्तीकरण झाले असे होते आणि त्यांचे म्हणणे असे की मुळात समोर तसे काही नव्हतेच. वर्षभरात ते मोजकीच चित्रे करीत. उरलेला काळ, त्यांना ओळखणारे सांगतात त्यावरून, बसून राहण्यात जाई.

अशा चित्रापुढे डोळा नेहमीच्या सवयीने उड्या मारतो, पण त्याला उतरायला फांदी मिळत नाही. मधल्या पट्ट्यात काही खुणा तरंगतात, त्या लिपीसारख्या दिसतात, वाचाव्यात म्हणून आपण सरसावतो आणि त्या वाचता येत नाहीत. मग मन चित्र सोडून स्वतःच्या कामाला लागते. पार्किंगचे किती झाले, परतीची गाडी कितीची. बहुतेक जण इथेच पुढच्या चित्राकडे वळतात आणि वळताना ‘किती शांत’ म्हणतात. तुम्ही म्हणाला नाहीत, हे मला बरे वाटले. पण इथे वळला नसतात तर काय झाले असते? माझा अनुभव असा आहे की साधारण सातव्या-आठव्या मिनिटाला रंग एकच राहत नाही. जो गेरू सपाट वाटत होता त्यात हिरवट आणि राखाडी भाग वेगळे होतात, काही पुढे येतात, काही मागे सरकतात. यात थोडे डोळ्यांचे थकणे आहे, थोडे थरांचे कसब. पण त्याहून वेगळी एक गोष्ट होते. चित्र काही करत नसल्यामुळे आपली चुळबुळ, आपले कंटाळणे, आपले परत येणे ठळक दिसू लागते, जसे गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर गोदावरीचे पाणी किती चढले ते कळते. मारुती जागचा हलत नाही म्हणूनच तर आपण त्याच्या कमरेवरून आणि गळ्यावरून पुराचे माप घेतो.

‘पाहणारे मन’ हा शब्द तुम्ही पत्रात अवतरणचिन्हांत लिहिला आहे, त्यातला संशय मला मान्य आहे. प्रदर्शनांच्या पुस्तिकांत हा शब्द फार स्वस्त झाला आहे. त्याचा साधा, तपासता येणारा अर्थ असाही आहे. सोव्हिएत रशियातल्या आल्फ्रेड यार्बुस या संशोधकाने रेपिन या रशियन चित्रकाराचे एक चित्र एकाच माणसाला पुनःपुन्हा दाखवले आणि त्याच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. चित्रात हद्दपारीहून अनपेक्षितपणे घरी परतलेला माणूस दारात उभा आहे. नुसते पाहा म्हटले तेव्हा नजर एका वाटेने गेली. या माणसांची वये सांग म्हटल्यावर ती चेहऱ्यांवरच फिरली, घरची परिस्थिती कशी आहे असे विचारल्यावर फर्निचर आणि कपड्यांवर गेली. चित्र तेच, डोळे तेच, प्रश्न बदलला की प्रवास बदलला. पाहणारे मन म्हणजे निदान एवढे तरी नक्की, की आपण मनात कोणता प्रश्न धरून उभे आहोत. रेपिनच्या चित्राला विचारण्यासारखे शंभर प्रश्न असतात. गायतोंडे यांचे चित्र तुमचा एकेक प्रश्न विनाउत्तर परत करते, आणि तो परत आल्यावर कळते की आपण तो विचारत होतो.

इगतपुरीला मी दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केले आहे. तिथे पहिले तीन दिवस फक्त येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवायचे असते, वही-पेन्सिललाही हात लावायचा नसतो. तिथून आलो की चित्रे सुधारतील अशी माझी अपेक्षा होती. ती सुधारली नाहीत, उलट महिनाभर हात जड झाला. मात्र एक लहान गोष्ट हाती लागली. काहीही पाहिल्याबरोबर मन त्याला नाव देते आणि नाव दिले की पाहणे संपवते, हे प्रत्यक्ष घडताना मला दिसू लागले. दोन पक्षी एकाच झाडावर, एक फळ खातो, दुसरा न खाता पाहतो, हे उपनिषदातले रूपक चित्रकाराला पुरेसे लागू पडत नाही. चित्रकाराला दोन्ही पक्षी व्हावे लागते आणि खाणारा पक्षी रोज कामावर हजर असावा लागतो. हे पेलण्याचा एक कठोर मार्ग चित्रकर्ती नसरीन मोहमदी यांच्या रेखांकनांत दिसतो. १९३७ मध्ये कराचीला जन्मलेल्या, बडोद्यात शिकवणाऱ्या आणि १९९० मध्ये आपल्या अलिबागजवळच्या किहीमला निवर्तलेल्या नसरीन यांनी कागदावर शाईने, पट्टी आणि रूलिंग पेन वापरून, समांतर आणि तिरप्या रेषा ओढल्या. रेषांमधले अंतर किंचित बदलते आणि कागद वेगाने एका बाजूला धावतो. पण रेषा ओढणारा हात इतका निश्चल आहे की वेग आणि निश्चलता यांत निवड करता येत नाही. गायतोंडे अवघड वाटत असतील तर आधी नसरीन यांची रेखांकने पाहा. शक्य झाले तर मूळ पाहा, छपाईत त्या रेषांचा श्वास जातो.

आता गोदाघाट. तुम्ही पाठवलेल्या प्रतिमेत रामकुंडाच्या खालच्या अंगाला पायऱ्या आहेत, दोन छोटी देवळे आहेत आणि पाणी आहे. पाण्यावर तुम्ही प्रत्येक लाट काढली आहे, सगळ्या सारख्या गडद आणि सारख्या धारदार. पायऱ्या मात्र घाईने, ओल्या रंगात विरघळवल्या आहेत. हे नेमके उलटे झाले आहे. वाहणे दिसायला न वाहणारे काही तरी ठाम हवे. ढग सरकताना चंद्रच धावल्यासारखा वाटतो तो याच हिशेबाने. कोण स्थिर आणि कोण चल हे डोळा चौकटीवरून ठरवतो, आणि तुमच्या चित्रात चौकट, म्हणजे पायऱ्या, डळमळते आहे आणि पाणी कोरलेल्या पत्र्यासारखे घट्ट बसले आहे. तुम्ही ते फोनवरच्या छायाचित्रावरून केले असावे, असा माझा अंदाज आहे. फोन सेकंदाच्या हजाराव्या भागात पाणी गोठवतो. तसे पाणी कोणत्याही माणसाने कधी पाहिलेले नाही.

पुन्हा कराल तेव्हा बुधवार टाळा, बाजाराच्या गर्दीत पाणी दिसत नाही. सकाळी सहाच्या सुमारास जा आणि पहिली वीस मिनिटे कागद काढू नका. पाण्यात एका जागी नजर ठेवा, मग ती पायरीवर न्या. पायरी उलट दिशेला सरकली तर समजा की डोळा तयार झाला. त्यानंतर डोळे मिटा आणि पाण्याचे जे तीन-चार मोठे भाग मनात उरतील तेवढेच पेन्सिलने लिहून ठेवावेत तसे ठेवा, लाटा मोजू नका. कागद तीनशे जीएसएमचा घ्या, तुमचा कार्ट्रिज पेपर पाणी धरत नाही. पाण्याचा सगळा भाग एका ओल्या वॉशमध्ये (पातळ रंगाच्या सलग थरात), मोठ्या फ्लॅट ब्रशने, वरून खाली एका दमात घ्या. प्रतिबिंबांचे उभे पॅच तो ओला असतानाच सोडा, आडव्या लाटांचे फार तर पाच-सहा स्ट्रोक अर्धवट सुकल्यावर द्या आणि एक-दोन ठिकाणी कोरा कागद राखा. पायऱ्यांना मात्र पूर्ण वाळल्याशिवाय हात लावू नका. त्यांच्या कडा कोरड्या आणि सरळ हव्यात, विशेषतः पाण्याला टेकणारी सर्वांत खालची पायरी, जी तुम्ही या चित्रात नेमकी वगळली आहे.